मागच्या सीटचा विमा

शारजात, रोल्लाच्या मागच्या गल्लीत
शैजूच्या काउंटरवर एसी गळतो.
खाली रंगाचा रिकामा डबा.

"थर्ड पार्टी सक्तीची," तो हिंदीत सांगतो,
"बाकी तुझी मर्जी."
मर्जी. सात वर्षांत हा शब्द
कुणी असा पेनासकट पुढे केला नव्हता.

बंद पडली तर उचलून नेणारी गाडी, पंचावन्न दिरहॅम.
नको. अल नहदाहून ढकलत आणलीय मी,
ऑगस्टात.
ओमानची हद्द? नको.
पूर? नको...
थांब. त्या एप्रिलात सीटपर्यंत पाणी होतं.
पूर लिही.

चालकाचा अपघात.
इथं तो वर न बघता विचारतो, नॉमिनी?
नसीमा दाऊद परकार, मुक्काम हर्णै.
हर्णै त्याला लिहिता येत नाही.
मी दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा
उगाचच.

शेवटी, मागे बसणाऱ्याचा विमा. चाळीस.
"तुझ्या मागं तर पेटी बसते," शैजू हसतो.
खरंय. चार बोल्टांनी आवळलेली,
पोटात दुसऱ्यांची बिर्याणी.

चाळीस म्हणजे सहा ऑर्डरी.
मी खूण करतो.

डिसेंबरात तिचा महिन्याचा व्हिसा.
दहा नंबरचा पाना
रूमवर कुणाकडे तरी असेलच.