मानशीची फळी

आमच्या घराला गजराचं घड्याळ कधी लागलं नाही.
पुनवेची भरती चढली की झोपेतच पाय खाली टेकतात.
शापाय कायतानचे टेकायचे, मग बाप रुझारचे,
मग माझे.
कंदील, जाळं, आणि चोडणच्या बांधावरून
अनवाणी, खोकलासुद्धा गिळून, मानशीपर्यंत.

फळी वीतभरच उचलायची.
वीतभर म्हणजे पाप नव्हे, बाप म्हणायचा,
वीतभर म्हणजे सुंगटं.
खारं पाणी आत, ओहोटीला जाळं भरून बाहेर,
आणि इगर्जीची घंटा व्हायच्या आधी
फळी जागच्या जागी.

पलीकडे सुभद्रा मांद्रेकरणीचं कोरगुट
दाण्यावर यायच्या वेळी पांढरं पडायचं.
पळींज. नुसतं पळींज.
तिच्या सासऱ्याच्या वेळीही तसंच.
लोक म्हणायचे, त्या कुणग्याला नजर लागलीय.
आम्हीही म्हणायचो.

शापाय सांगायचा, त्याच्या बाप्तिस्म्याला
पाद्रीने जिभेवर मिठाचा कण ठेवला होता.
मला वाटतं आमच्याकडे तो विरघळलाच नाही,
जिभेवरून जिभेवर येत राहिला.

सोडून पाहिलं नाही असं नाही.
तीन कोरेज्मांत तीन शपथा घेतल्या.
कपाळाला राख होती तोवर फळी बंद.
मग ईस्टरला पाहुणे यायचे,
पाहुण्यांना मासळी लागायची.

एका पुनवेला उठलो, तर ऑस्विन आधीच दारात.
नऊ वर्षांचा. कंदिलाची काच पुसत.
त्याला कुणी हाक मारली नव्हती.
"पप्पा, किती वर उचलायची?"
आणि बोटं ताणून त्याने वीत दाखवली.
अजून माझ्या वितीएवढी भरत नव्हती.

शनिवारी कुमसाराला गेलो.
एरवी तिथे माझी ठरलेली यादी: शिव्या, फेणी, चुकलेली मिस.
त्या दिवशी विचारलं, पाद्रीबाब,
माझ्या आधीच्या दोघांचंही सांगू का?
जाळीमागून आवाज आला,
मेलेल्यांचा हिशेब ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आहे.
तू तुझ्या हाताचं सांग.

हाताचं सांगितलं.
क्षमेचे शब्द ऐकले. वीज चमकली नाही.
फक्त तोंडाची चव बदलली,
विहिरीचं पाणी पिताना पहिल्या घोटाला बदलते तेवढी.
प्रायश्चित्त म्हणून दहा प्रार्थना मिळतील असं वाटलं होतं.
मिळाली सुभद्राबाईची पायरी.

ती रेशनचे तांदूळ निवडत होती.
मी बोलत राहिलो. तिने सुपातून मान काढली नाही.
"कंदील दिसायचा आमच्या खिडकीतून," म्हणाली.
"सासऱ्यांना काजवा वाटायचा. मला कधीच वाटला नाही."
मग का नाही...
"मानस तुमची, कोमुनिदाद तुमची. सांगणार कुणाला?"
खडे वेचण्याचा आवाज. खूप वेळाने,
"मीठ धुऊन जायला तीन पावसाळे लागतील. तीन तरी."
माफ केलं म्हणाली नाही. पाणीही विचारलं नाही.
जाळं तिच्या अंगणात ठेवलं,
दोन सालांच्या भाताचे पैसे त्यात गुंडाळून,
आणि उरलेल्या सालांचं तोंडी कबूल करून आलो.

आज पुनव. पाय टेकलेच.
रक्ताला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.
ऑस्विनही उठला. कंदील घेतला नाही, चांदणं होतं.
बांधावरच्या कुरसापाशी थांबून
आम्ही त्याच्याकडे बळ मागितलं, मोठ्याने,
कारण माझ्या मनगटाचा भरवसा मला उरलेला नाही.
मग मानशीवर, फळीला पाठ लावून बसलो, दोघं.

पलीकडून पाणी ढकलत होतं,
जुन्या ओळखीचं माणूस दार ठोठावतं तसं.
ऑस्विन म्हणाला, पाठीला थंड लागतंय.
म्हटलं, लागू दे.
ओहोटी लागेपर्यंत बसू.