भेटीचे कारण

मसुदा माझ्याच टेबलावर टाइप झाला.
मी लिहिलं होतं: घेतलेली जमीन.
समितीने सुचवलं: लाभलेली.
'आहे' होतं तिथे 'होती' आलं
आणि वेळिपांच्या आधी 'आदरणीय',
पाट मांडावा तसा,
जेवायला कुणी बोलावलेलं नसताना.

रिवणच्या सड्यावर आमचं नवं संकुल.
जांभा कापताना तीन वारुळं मोडली.
चौथं नकाशातून सुटलं, वाहनतळाच्या मागे;
त्याच्यावर रोज अबोलीचा वळेसर असतो.
कोण घालतं
ते कॅमेऱ्यालाही सापडलेलं नाही.

फलक उघडायला बोंबी वेळीप आली,
तांबडी चौकड्यांची साडी, खांद्यावर देठलीची गाठ.
शाल दिली. नारळ दिला,
बहुधा तिच्याच भाटातला;
कंत्राटदार तिथूनच घेतो.
वाक्य मोठ्याने वाचलं गेलं,
मग पुन्हा एकदा, छायाचित्रकारासाठी.
ती ऐकत होती
आपल्याच गायीचं वर्णन
गाय नेलेल्याच्या तोंडून ऐकावं तशी.
म्हणाली, "बरें बरयलां.
पूण फाटक केन्ना उकतें जातलें?"

फाटक सहाला बंद होतं.
तसं परिपत्रक आहे.
त्याच्याखाली सही माझी.

पौषात, धालोंच्या रात्री,
अकरा बायका फाटकाशी उभ्या राहिल्या.
त्यांचा मांड आत,
बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेषांखाली.
रखवालदार शाणू, बोंबीच्या धाकट्या बहिणीचा पूत,
त्याने त्यांना परिपत्रक वाचून दाखवलं, अख्खं,
आणि मग वही पुढे केली.

नाव. गाव. वेळ.
कोणाला भेटायचे: सातेरी.
भेटीचे कारण:
इथे पेन थांबलं असणार, शाईचा ठिपका पसरलाय.
मग लिहिलंय, जुने.
खाली दहा वेळा, वरीलप्रमाणे.

सकाळी मी कोर्टावर जाऊन आलो.
जाळीपाशी कुणाची तरी एकच चप्पल राहिली होती,
आणि धुळीत पावलांच्या दोन रांगा, समोरासमोर,
पुढे येऊन मागे गेलेल्या,
पांढऱ्या रेषा मध्ये आहेत
हे ठाऊकच नसल्यासारख्या.

वही आता माझ्या टेबलावर.
लेखापरीक्षकाचा शेरा, शिसपेन्सिलीत:
श्रीमती सातेरी यांचा विभाग
व दूरध्वनी क्रमांक नमूद नाही.
खुलासा तीन दिवसांत द्यावा.

आज दुसरा.