बर्फाची जाडी

ओउलूच्या ऑफिसात तौनोची भिंत:
चौदा महिने, एकाखाली एक निळे पट्टे,
शेवटचा नेमका मंगळवारी संपणारा.
मी पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन गेले.
तो म्हणाला, "चिठ्ठ्या गळून पडतात."
खरंच, दोन पडल्या होत्या, हीटरमागे.

तीन आठवडे रोज सकाळी सगळे उभे,
तो बसून. हातात फूटपट्टी.
"पूर्ण कधी होणार, तेवढं सांग."

मग एकदा कॉफी ढवळताना, आपणहून:
वडील समुद्रावरचा रस्ता राखायचे,
बेटाकडे जाणारा, फक्त हिवाळ्यातला.
पहाटे गिरमिटाने भोक पाडायचं,
जाडी मोजायची, फांद्या रोवायच्या तेवढ्यापुरत्या.
पुढचं उद्या.
"आणि रस्ता खुला कधी, हे कोण ठरवायचं?"
"बर्फ," तो म्हणाला, आणि बराच वेळ
कपात बघत राहिला.

मी शिकवायची खाज आवरली.

सोमवारी भिंत तशीच होती.
फक्त तो मंगळवार खोडलेला, पेन्सिलीने, हलकेच,
पुन्हा लिहिता येईल असा.
आणि तौनो उभा होता.
"काल काय केलं ते राहू दे," म्हणाला,
"आज किती जाड आहे, सांगा."