हमीचा रकाना

चेंबूरला अकराव्या रस्त्यावर बंगल्याचं नाव 'शिशिर',
आणि एप्रिलात पश्चिमेच्या भिंतीला हात लावला
तर तव्यावरून उचलावा तसा उचलावा लागतो.

मी बोटाच्या पेरानं ठोकत गेलो.
ठक्, ठक्, मग ढब्.
गिलावा सुटलेला. त्यामागे वीट,
विटेमागे दोन इंच काहीच नाही,
मग परत वीट.
"सेहेचाळीस सालचं बांधकाम," कर्णिकबाई म्हणाल्या,
"दुहेरी भिंत. सासरे आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे."
इर्शाद पुटपुटला, बडा घर पोकळ वासा.
मी त्याच्याकडे पाहिलं. तो ड्रिलला बिट लावायला लागला.

काम तसं साधं.
हातभर अंतरावर एकेक भोक, बावीस एमएमचं,
त्यातून थर्माकोलचे दाणे फुंकायचे, गोंदात घोळवलेले.
भिंत पोटभर जेवली की नळी आपोआप थांबते.
मग भोकावर सिमेंटची टिकली, वर रंग.

पण पहिल्याच भोकातून भुकटी उडाली नाही.
बिटाला चिकटून आली,
सादळलेल्या पिठासारखी.
एप्रिलच्या अठरा तारखेला.

तारेचा कॅमेरा आत सोडला.
गंजून फुगलेल्या सळया, दोन्ही विटांना कशाबशा धरून;
मसाल्याचे ओघळ, कोळिष्टकं;
एका पालीचं शेपूट, पाल नाही;
आणि तळाशी ओळंबा.
पितळी. कुणा गवंड्याच्या हातून सुटलेला,
दोरी कधीच कुजलेली.
सरळ लोंबायला घडवलेली वस्तू
अठ्ठ्याहत्तर वर्षं आडवी पडून.

बाईंना खरं ते सांगितलं.
ही फट रिकामी बसलेली नाही, बाई.
तिरका पाऊस भेगेतून बाहेरच्या विटेत शिरतो,
इथवर येतो आणि त्याचा रस्ता संपतो.
मुकाट खाली गळतो.
मी दाणे भरले
तर त्याला साकव बांधून दिल्यासारखं होईल.
आधी गिलावा उतरवा. दोन उन्हाळे भिंत वाळू द्या.
मग बोलवा.

"दोन उन्हाळे," त्या म्हणाल्या,
आणि मागे वळून पाहिलं.

खोलीत कॉट. कॉटवर कर्णिकसाहेब,
उजवी बाजू गेलेली, शब्दही तिच्याबरोबर.
दिवसभर घेतलेलं ऊन
भिंत रात्री दोनपर्यंत त्यांच्या पाठीला परत करते.
बाई खिळ्यांना ओली चादर टांगतात,
तासाभरात ती पापडासारखी होते.
"कॉट हलवू का?" इर्शादनं विचारलं.
साहेबांनी डावा हात उचलला, अर्धाच,
खिडकीकडे. तिथून फाटक दिसतं.
कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

"भरा," बाई म्हणाल्या.
"पोपडे धरतील. बुरशी येईल. जुलैत तुम्हीच मला—"
"जुलैचं जुलैत बघू."

मग कॉटमागची तेवढीच भरली,
सात फूट बाय चार.
दोन्ही कडांना आत ब्रश उभे केले,
बाकीची भिंत होती तशी पोकळ ठेवली.
घागर भरत यावी तसा आवाज
खालून वर बारीक होत गेला.
ओळंबा त्यातच बुडाला. मी मशीन थांबवलं नाही.

संध्याकाळी साहेबांनी तळवा भिंतीला लावला
आणि लावलेलाच ठेवला.

आमच्या बिलावर हमीचा रकाना असतो,
दहा वर्षं, छापीलच.
मी त्यावर आडवी रेघ मारली.
बाईंनी ती वाचली, बिलाची घडी घातली,
चष्म्याच्या डबीत ठेवली.

जुलै गेला.
ऑगस्टात चार दिवस संततधार.
फोन आला नाही.
इर्शाद म्हणतो, धरली असेल भिंतीनं तग.
असेल.
बाईंचा नंबर माझ्याकडेही आहे.