लागू नाही

'लिपी एकच ना तुमची?' एवढंच विचारून
मॉरीन ओल्ड्रॉइडने काठमांडूचे चारशे बारा अर्ज
माझ्या टेबलावर ठेवले.
शेफील्ड, नोव्हेंबर, चारलाच अंधार.
लिपी एकच. मी हो म्हटलं.

पहिल्याच दिवशी 'जागिर छ' वाचलं
आणि सतरा कारकुनांना जहागीरदार करून टाकलं.
निरजा शाक्य हसून हसून खुर्चीत बसली:
जागिर म्हणजे नोकरी गं,
दहाला सही, महिनाअखेर उसनवारी.
सतरा वतनं मी एकेक करून खालसा केली.

माझी चूक निदान खोडता आली.
ही प्रश्नावली इंडियानातल्या दोन गावांच्या मापाने शिवलेली,
पन्नास वर्षांपूर्वी, तिथल्या अंगाला नीट बसलेली.
मुलांना स्वतंत्र खोली आहे का?
अडचणीत मन कुणापाशी मोकळं करता: जोडीदार, मित्र, पाद्री?
पाद्री खोडून कुणी पुरोहित केलाय.
त्यापुढे एका बाईने लिहिलंय: तो घाईत असतो.

अर्ज दोनशे सहा, बानेश्वर.
घर स्वतःचं आहे का?
'हो' आणि 'नाही'च्या फटीत बॉलपेनचं बारीक अक्षर:
खालचा मजला बँकेचा, मधला भाडेकरूंचा,
वरचा आमचा,
आणि गच्चीवर सळया सोडल्यात,
मुलगा मेलबर्नहून परतला तर.
गंजू नयेत म्हणून टोकांना बाटल्या घातल्यात.

मिरजेला आमच्याही गच्चीवर चार सळया आहेत.
बाबा दर दिवाळीला त्यांना लाल ऑक्साइड लावतात.
कुणी विचारलंच, तर म्हणतात, पुढचं पुढे.

समाधान, एक ते सात?
तिने आकड्याला गोल केलेला नाही. लिहिलंय, ठीकै छ.
निरजा म्हणाली, चार टाक.
पण आपलं 'चाललंय' चारावर बसलंय का कधी?
त्यात थोडा दोन असतो, थोडा सहा,
आणि विचारणाऱ्याला दारातच थोपवायची सोय.

खाली ट्राम वळली. मॉरीन कोट चढवत होती.
'मग नव्व्याण्णव टाक,' म्हणाली, 'लागू नाही.'
काय लागू नाही, मी विचारलं. बाई, की प्रश्न?

एक बाही घातलेली, एक लोंबती,
ती तशीच खुर्ची ओढून बसली.
वाच, काय लिहिलंय तिने.
मी सळया सांगितल्या. बाटल्या सांगितल्या.

'येणारे का तो मुलगा?'

तो रकाना नाहीये, मी म्हटलं.