अठरा बोल्ट

सियागंजात तय्यबभाईंनी बुचाचं गॅस्केट
कागदात गुंडाळून दिलं, वर बजावलं,
"ज़्यादा कसना मत, भाभीजी. दबेगा तो फटेगा."

रामबागेत, पोर्चमध्ये
शहाऐंशीची पद्मिनी दोन घोड्यांवर,
आणि पुठ्ठ्यावर पाठ टेकून खाली मी.

काळं तेल तसराळ्यात उतरलं.
बोल्ट अठरा, मोजून वाटीत.
जुनं गॅस्केट मात्र सुटता सुटेना.
यांनी त्यावर शेलॅक थापलेलं, थरावर थर.
थेंब दिसला की पाना घेऊन खाली,
आणखी अर्धा फेरा, आणखी अर्धा.
पॅनचा काठ भोकाभोकाशी उचललेला.
गळायचं ते तिथूनच.

हे त्यांना सांगायला हवं होतं असं नाही.
सांगितलं असतं तर
आणखी अर्धा फेरा.

लाकडी ठोकळ्यावर धरून
काठ सपाट केला, संध्याकाळ गेली त्यात.
मग ब्लेड, मग पेट्रोलचं फडकं.

आता दोन बोटांनी, समोरासमोरचे बोल्ट.
बूच जरासं फुगतं
तिथं थांबायचं.
हात थांबत नाही,
चाळीस वर्षं शेजारी बसून
तोही यांच्यासारखाच झालाय.

मुजुमदारांचा नातू वाकून विचारतो,
"आजी, झालं?"
सकाळी ये म्हटलं,
फरशी बघू.