माप

"काय शोधलालाव, अक्का?" मौलालीनं विचारलं.
मी म्हटलं, साखळी.
मग हळूच, "आणि ती... गादीची चड्डी."
तो हसला नाही. हे मी लक्षात ठेवलंय.

दोन होत्या. दोन्ही पुरुषांच्या.
एकीची किंमत माझ्या अकरा दिवसांची,
म्हणजे खाकी पँटींच्या चारशे चाळीस कमरपट्ट्या.
मी उलटी करून शिवण बघितली.
सपाट, ताणली तरी न उसवणारी.
चांगलं काम. कुठल्या गावच्या कुठल्या बाईचं, कोण जाणे.
गादीवर बोट दाबलं,
खळगा सावकाश भरून आला, भिजवलेल्या कणकेसारखा.

रविवारी पहाटे आम्ही नऊजण निघतो, पार्क चौकातून होटगी रस्त्यानं,
ऊन चावायच्या आत परत.
डॉक्टर दुधभाते नव्या चाकांचं वजन ग्रॅममध्ये सांगतात.
बँकेतल्या हत्तुऱ्यांचे बूट पेडलला टक् करून चिकटतात,
आणि वेळेवर सुटत नाहीत.
सात रस्त्याला दोनदा आडवे झाले, लोकांदेखत,
तरी बूट फार चांगले आहेत म्हणतात.
माझी सायकल लेकीची, दहावीनंतर जिन्याखाली पडलेली.
पुढची जाळी काढली तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
राजमणीबाई, एक किलो कमी!

दुखायचं ते कुणाला सांगणार.
सोमवारी मशीनच्या स्टुलावर मी अर्धीच बसायची.

भावजी टॉवेलच्या कारखान्यात कटिंगला आहेत.
काठ तिरका गेलेला, डाग पडलेला माल किलोवर मिळतो.
दोन थर टॉवेल, मध्ये लेकाच्या फाटक्या दप्तराच्या पट्ट्यांतला स्पंज,
वरून जाड लेगिंग.
पहिली फसली. शिवण नेमकी नको तिथं आली.
दुसरी धुतल्यावर आखडली.
तिसरीच्या वेळी कळलं, अंदाजानं कापत होते.

बावीस वर्षं मी दुसऱ्यांची मापं वाचतेय.
पाचवीतली पोरं, वॉचमन, वेटर,
समुद्रापलीकडच्या कुठल्या दवाखान्यातल्या नर्सा.
स्वतःला टेप लावलाच नव्हता.
दार लावून लावला.
कंबर. मांडी. आतून पाय, सव्वीस इंच.
वहीत गिऱ्हाइकाच्या जागी लिहिलं: चिलवेरी राजमणी.
ॲडव्हान्सच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
रेघ मारली.

मौलालीनं साखळीत पत्र्याची पट्टी घातली.
ती आत पडली, खोल.
"लांबलीय."
लोखंड कसं लांबतं रे?
"ओढून ओढून, अक्का. आणि मागचे दातेबी झिजलेत.
नवी साखळी जुन्या दात्यांवर बसत नसते, दोन्ही घ्यावं लागतंय."
मी पैसे मोजले. दोन्ही घेतलं.
चड्डी परत खिळ्याला लावली.

तो दाते बसवत होता तेव्हा
पिशवीतून माझी काढून दाखवली,
का दाखवली माहीत नाही.
त्याच्या हाताला ग्रीस होतं, म्हणून त्यानं हात लावला नाही,
मान वाकडी करून आतली बाजू बघितली,
टाका बघितला, टॉवेलवरचा अर्धवट कापलेला मोर बघितला.
"बायकांच्या मापाची करताल का? चारजणी विचारून गेल्यात."
मी म्हटलं, मापं पाठव.
मग म्हटलं, नको, त्यांनाच पाठव,
मापं पोरांकडून येत नसतात.

जुनी साखळी त्यानं पेपरात गुंडाळून दिली.
काय करायचीय, तरी घेतली.

नवी साखळी आवाज करत नाही.
कन्ना चौकापर्यंत मला वाटत राहिलं,
आपण काहीतरी दुकानात विसरून आलो.